वाळल्यावर बोलू

सन एकोणीसशे एकाहत्तर. माझं वय सहासष्ट, तुझं माझ्याहून दहाएक वर्षांनी कमी. असं असून आधी तू गेलास. पुढं पळायची तुझी खोड जुनीच, किसना. पंगतीला बसलो की तुझं पान आधी रिकामं. बाजाराला निघालो की तू चार पावलं पुढं, आणि वर मागं वळून विचारायचास, "दाजी, गुडगं दुखत्यात का?" आता एवढ्या लांबच्या वाटेलाही तसंच केलंस. या वेळी मात्र मागं वळून बघितलं नाहीस.

मला लिहायची सवय नाही. दुसरीत असताना गुरुजींनी कान पिळला आणि मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो. परत गेलो नाही. सही येते, पोथी वाचतो, पण लिहायचं म्हटलं की एकेक अक्षर दगडासारखं उचलून ठेवावं लागतं. तरी लिहितो. आपलं बोलणं अर्धं राहिलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाशी पुरं करता येत नाही. तुझ्या बहिणीपाशी विषय काढला तर ती उठून चुलीकडं जाते.

गुरुजींनंतर माझ्या कानाला हात लावणारा तू एकटाच. आमच्या लग्नात तू नऊ-दहा वर्षांचा, कपाळावर घसरणारी टोपी घालून माझ्या मागं उभा राहिलास. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवानं त्याला काही द्यायचं, मग त्यानं कान सोडायचा, एवढी साधी रीत. माझ्या बापानं तुझ्यापुढं उपरणं धरलं. तू ते काखेत मारलंस आणि कान तसाच धरून ठेवलास. सगळे हसले. तू म्हणालास, "सोड म्हनू द्या की त्यांला." मी म्हणेन होय? एकोणीस वर्षांचा गडी मी, पहिलवानकी करणारा. मी म्हटलं नाही आणि तू सोडलं नाहीस. भटजी खोळंबले, वाजंत्री थांबली, कान तापून लाल झाला. शेवटी शेजारी मुंडावळ्यांच्या आडून हळूच आवाज आला, "किसन्या, सोड की रं." रखमाचा मी ऐकलेला पहिला शब्द तो. तू सोडलंस. त्या दिवशी कोण जिंकलं यावर आपण पुढची सगळी वर्षं भांडलो, आणि मी आजही सांगतो, मी 'सोड' म्हटलं नव्हतं.

पुढं तू तुझी सिंधू माझ्या दत्तूला दिलीस आणि गुंता आणखी वाढला. मेव्हणा म्हणून तुला टोमणे मारायचे का व्याही म्हणून मानाचा पाट द्यायचा, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. तुला मात्र दोन्ही बरोबर जमायचं. पाट घ्यायचास व्याह्याचा, आणि त्यावर बसून बोलायचास मेव्हण्यासारखं.

आणि मग ही खोली.

सिंधूसाठी खोली बांधायची हे मी ठरवलं. दत्तू कारखान्यावर, महिन्या-पंधरवड्यानं घरी येणार, आणि ती पोर आमच्या दोघांच्या मधे माजघरात दाटीनं राहणार, हे मला पटेना. जुन्या घराच्या अंगाला विटांची खोली काढली, आतून चुन्याचा गिलावा केला. तू तुझ्या तिसगावाकडून खिडकी आणलीस, बाभळीच्या लाकडाची, एस.टी.च्या टपावर टाकून. कंडक्टरशी भांडलास, वाटेत एस.टी. बदलताना हमालाशी भांडलास आणि मिरजगावच्या स्टँडवर उतरलास तो माझ्याशी भांडायला मोकळा होऊन. म्हणालास, "खिडकी उगवतीलाच बसवायची." मी ती उगवतीलाच बसवणार होतो. तू म्हणालास म्हणून दोन दिवस थांबलो आणि मग बसवली. मला वाटलं तू विसरला असशील. तू विसरत नाहीस, हे मी विसरलो होतो.

पौषात हुरड्याला आलास तेव्हा गिलावा वाळून पांढरा झाला होता, फक्त रंग राहिला होता. मी मिरजगावच्या बाजारातून पिवडी आणि काव आणून ठेवली होती. चुन्यात पिवडी टाकली की पिवळसर होतो, त्यात चिमूटभर काव टाकली की जरा तांबूस ऊब येते. तो बदामी. मी रंग मनात पक्का केला होता. तू खोलीत आलास, चारी भिंतींवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "रंग खरवशी लावा."

"खरवशी कुठला रंग?"

"गाय व्याली का पयल्या चिकाचा गूळ घालून खरवस करती न्हवं आक्का? त्याचा. पांढरा न्हाई, पिवळा न्हाई. बघितला का भूक लागती आसा."

"खोलीत झोपायचंय पोरीला. भूक कशाला लागायला पायजे?"

"आन तुमचा कोंचा?"

"बदामी."

तू पाटावर बसल्यासारखा जमिनीवर मांडी घालून बसलास. मला तेव्हाच कळलं की आज हुरडा कुणी खात नाही. "बदामी म्हंजी सालाचा का गराचा, दाजी?" असं विचारलंस. मी म्हटलं, बदामी म्हणजे बदामी. तू म्हणालास, "मला म्हाईत न्हाई म्हून इच्यारतो. तुमी रोज खाता."

रखमा हे ऐकत दारात उभी होती. ती आत गेली आणि कुणाच्यातरी ओटीत आलेला बदाम डब्यातून काढून घेऊन आली. उंबऱ्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला. आतला गर किडून काळा पडला होता. "हा घ्या तुमचा बदामी," म्हणाली आणि वरवंटा घेऊन गेली. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं. तुझं हसणं मला कधी आवडलं नाही, असं मी म्हणायचो. त्यात तसा काही अर्थ नव्हता.

दोघांनी तेलाचे दोन रिकामे डबे घेतले. माझ्यात मी बदामी कालवला, तुझ्यात तू खरवशी. तू पिवडी कमी घेतलीस, काव नखावर घेऊन टाकलीस आणि मग आत जाऊन गुळाचा मोठा खडा आणलास. मी विचारलं, हे कशाला? म्हणालास, गुळाच्या पाण्यानं चुना भिंतीला धरतो, टेकून बसलं तरी पाठीला लागत नाही. मी म्हटलं, "धरंल, आन मुंगळंबी धरतील. भितीला खरवस चारतोस का?" तू म्हणालास, "चुन्याला कोन मुंगळा खातो वो. कायतरीच तुमचं." आणि खडा हातानं कुस्करून डब्यात टाकलास, हात चाटलास, चुना लागला म्हणून थुंकलास. वर म्हणालास, "ग्वाड हाय."

केकताडाची पानं ठेचून केलेला कुंचा एकच होता. मी दाराशेजारच्या भिंतीवर माझा पट्टा ओढला, हातभर रुंद. तू कुंचा न धुता तुझ्या डब्यात घातलास आणि माझ्या पट्ट्याला लागूनच तुझा ओढलास. ओला चुना कसा दिसतो तुला माहीत आहे, भिंत भिजल्यासारखी काळपट. दोन्ही पट्टे सारखेच चिखलाचे दिसत होते. तरी तू दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून म्हणालास, "हे बगा. तुमचा पट्टा आजारी दिसतो."

मी आधी ओढला होता म्हणून माझा आधी वाळला. वाळला तसा उजळला. मी तुला हाक मारून दाखवला. तू म्हणालास, "फिक्का हाय." थोड्या वेळानं तुझा वाळला. मी म्हटलं, "तुझा त्याहून फिक्का." तू डोळे बारीक केलेस. मी गोठ्याकडं वळलो तेव्हा तू तुझ्या डब्यात चिमूटभर काव टाकलीस. टाकताना मला दिसलं नाही, पण डब्याच्या काठावर तांबडं बोट उमटलं होतं. तू विहिरीवर गेलास तेव्हा मी माझ्यात थोडा पांढरा चुना वाढवला. त्याला कारण होतं. माझा जरा जास्तच दाट झाला होता. तुझ्याकडं बघून नव्हे.

मग पुन्हा पट्टे. पुन्हा वाळणं. पुन्हा कालवणं. खोलीत एक बाज टाकून आपण दोघं भिंतीकडं तोंड करून बसलो होतो, गावात कुणी बघितलं असतं तर म्हातारे येडे झाले म्हटलं असतं. सकाळच्या उन्हात तुझा पट्टा बरा दिसला तर तू म्हणायचास, रंग सकाळचाच बघावा. ऊन फिरलं आणि माझा बरा दिसला की मी म्हणायचो, माणूस खोलीत सांजचाच येतो. तू म्हणालास, "दाजी, खिडकी माजी. तिच्यातनं येनारा उजेड माजा. मग रंग कुनाचा?" मी म्हटलं, "उजेड सूर्याचा, भित माजी. तू पाव्हना."

रखमा भाकरी टाकत होती. तिला हात धरून आणलं तू. "आक्का, खरं सांग, कोंचा बरा?" तिनं पिठाचे हात तसेच धरून बघितलं. म्हणाली, "दोन्ही भाकरीगत दिसत्यात. येक जरा जास्त भाजली, येक कमी." "जास्त भाजलेली कंची?" आपण दोघांनी एकदमच विचारलं. ती म्हणाली, "आता तव्यावर हाय ती. तुमच्या नादानं करपली." आणि पळत गेली.

जुन्या घराच्या भिंती तिनंच इतकी वर्षं पांढऱ्या मातीनं सारवल्या. दर दिवाळीला पाटी भरून माती आणायची, कालवायची, पोतेरं फिरवायचं. तिला कुणी कधी रंग विचारला नाही, कारण माती मिळेल तोच रंग. आता विचारलं तर हे उत्तर. तू तेव्हा हळू आवाजात म्हणालास, "सिंधूला इच्यारू का?" मी म्हटलं, "लेकीला इच्यारलं तर ती बापाचाच सांगनार." तू म्हणालास, "सासऱ्याच्या घरात ऱ्हाती, सासऱ्याचाच सांगंल." दोघांनाही हरायची भीती, म्हणून पोरीला कुणी विचारलं नाही. ती आतल्या घरात ताक घुसळत सगळं ऐकत होती, हे मला आता माहीत झालं आहे.

जायच्या दिवशी सकाळी तू शेवटचा हात मारलास. आधीचे सगळे पट्टे पांढऱ्यानं पुसून काढलेस आणि एकाशेजारी एक दोन नवे, रुंद, सारखे ओढलेस. डावा कुणाचा, उजवा कुणाचा, ते दोघांना ठाऊक होतं, तेव्हा खूण करायचं सुचलं नाही. पट्टे ओले असतानाच आपण एस.टी.ला निघालो. मी बैलगाडी जुंपली, मिरजगावपर्यंत तू चुना फासलेल्या हातानं कासरा धरलास आणि बैलांना माझ्या नावानं शिव्या घातल्यास. स्टँडवर मी विषय काढला. तू खिडकीत बसलेला, मी खाली. तू म्हणालास, "दाजी, आता न्हाई. वाळू द्या. वाळल्यावर बोलू." गाडी हलली तेव्हा तू स्वतःचा कान धरून दाखवलास. तुझी जुनी खूण, जिंकलो असं सांगायची. मी हात हलवला नाही. मी कधीच हलवत नाही, तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू माझ्या वाटचा पण हलवलास.

वाळायला लागतो दिवस, दोन दिवस. तू त्याच आठवड्यात गेलास. बाजार करून आलास, ओट्यावर टेकलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत थांबला नाहीस. सांगावा घेऊन माणूस आला तेव्हा मी जनावरांना वैरण टाकत होतो. ती टाकून पुरी केली. मग रखमाला सांगितलं. तिनं मला विचारलं, "कोन किसन?" इतकी वर्षं एकच किसन, आणि तिनं विचारलं कोण किसन. यावर मी काही जास्त लिहीत नाही.

दहाव्याला नदीवर सगळे गोळा झाले. पिंड ठेवला आणि मी मनात तयारी करून बसलो. मला पक्कं ठाऊक होतं की कावळा शिवणार नाही. तुझी एवढी मोठी गोष्ट राहिलेली. लोक म्हणतील, पोराबाळांना सांभाळू म्हणा, जमीन नीट कसू म्हणा, आणि कावळा लांब फांदीवर बसून राहील. मग सगळे माझ्याकडं बघतील. मी काय बोलायचं तेही जुळवत होतो. खरवशी लावतो, असं चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नव्हती, पण तुझ्यासाठी काहीतरी मधलं म्हटलं असतं. तेवढ्यात कावळा आला. पिंड ठेवणारा हात मागं घ्यायच्या आत आला म्हण ना. चोच मारली आणि गेला. बायका म्हणाल्या, सुखानं गेला हो, काही मागं राहिलं नाही त्याचं. मला जरा रागच आला, किसना. काहीच राहिलं नाही? रंगाचं पण नाही? म्हणजे तू आपलंच खरं झालं असं धरून मोकळा झालास. येताना गाडीत रखमाला मी हे बोलून दाखवलं. ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "त्यो पयल्यापासून तसाच." मग पदर तोंडाला लावला. हसताना का रडताना ते मी बघितलं नाही.

सिंधू तेराव्यापर्यंत तिकडंच राहणार होती. आम्ही घरी आलो तर खोलीत बाज तशीच, डबे तसेच, त्यातला चुना तडकून खाली बसलेला. भिंतीवर दोन पट्टे. मी म्हटलं, पोर यायच्या आत खोली रंगवून टाकावी, आल्यावर तिला तेवढंच बरं वाटेल. नवा चुना भिजवला. कुंचा घेतला. आणि भिंतीपुढं उभा राहिलो तो उभाच.

आता मला कोणी अडवणारं नव्हतं. बदामी लावला असता तर कोण बोलणार? पण तुझा हात या घरावर शेवटचा फिरला तो तिथं, आणि त्यावर मी माझा रंग फासणार, आणि उद्या तुझी लेक येऊन ती भिंत बघणार. बरं, तुझा लावावा, तर मी आयुष्यात कुणापुढं मान तुकवली नाही, आणि तू समोर नसताना तुकवायची म्हणजे तर पळपुटेपणा. जिवंत असतास तर गोष्ट वेगळी. दोन महिने भांडलो असतो, मी जिंकलो असतो, आणि मग मोठ्या मनानं तुझा लावला असता. तेवढा वेळ तू दिला नाहीस. कुंचा पाण्यात ठेवून मी बाहेर आलो. असं दोन-तीनदा झालं. रखमा बघत होती.

काल सिंधू आली. दत्तू एस.टी.पासून घेऊन आला. पाय धुतले, देवाला गेली, रखमाच्या गळ्यात पडून रडून झालं. आत्या आणि भाची, आणि दोघींचं माहेर एकच, त्यामुळं कोणी कोणाला समजवायचं हाच प्रश्न. मी खोलीत जाऊन बाजेवर बसलो. थोड्या वेळानं ती आली आणि भिंतीपुढं उभी राहिली. तुझ्यासारखीच, मान तिरकी करून.

"मामा," ती म्हणाली, "आबांचा कोंचा?"

मी बोट वर केलं. आणि ते वरच राहिलं.

किसना, खरं सांगतो, मला ओळखू येईना. वाळून दोन्ही एक झाले होते. पांढरा नाही, पिवळा नाही. उन्हात बघितलं, सावलीत बघितलं, जवळ जाऊन बोट फिरवलं. तू इतकी काव वाढवलीस आणि मला माझा थोडा पातळ करावा लागला, शिवाय कुंचा एकच, या सगळ्याचं असं झालं. तू माझ्याकडं सरकत आलास, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. मी माझ्या जागीच होतो. पण डावा का उजवा, ते सांगता येईना. आणि पोर वाट बघत उभी. बापाचा रंग कुठला एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगणारा जगात मी एकटा उरलेला.

मी खाकरलो. म्हटलं, "जरा उजेड येऊ दे." वास्तविक खिडकी सताड उघडी होती.

तेव्हा तिनंच दाखवलं. "ह्ये काय, मामा?" भिंतीच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली होती. जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून तिरकी वर, डाव्या पट्ट्याला वळसा घालून सरळ उजव्या पट्ट्यात. मुंगळे. उजव्यात पसरलेले, डाव्यात एक नाही. भिंतीला तोंड लावून चाटत होते, जणू कुणी तिथं पंगत मांडली आहे.

मी बाजेवर खाली बसलो. "त्यो," म्हटलं. "मुंगळं लागल्यात त्यो तुज्या बापाचा. म्या सांगितलं हुतं त्याला, गूळ घालू नको म्हून."

सिंधू आधी बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिला हसू आवरेना. म्हणाली, "घरी बी आसंच केलतं त्यांनी. आमच्या देवळीला. आय रोज झाडायची मुंगळं आन आबा म्हनायचे, ऱ्हाऊ दे, भित चांगली असल्याबिगार येत न्हाईत." हे तू मला सांगितलं नव्हतंस. तुला ठाऊक होतं की लागतात, आणि मला तोंड वर करून म्हणालास, चुन्याला कोण मुंगळा खातो. खोटारडा.

ती उजव्या पट्ट्यापाशी गेली. मला वाटलं हात लावेल. तिनं लावला नाही, मुंगळ्यांची वाट मोडू नये म्हणून. थोडा वेळ नुसती उभी राहिली, बापाच्या घरी ओट्यापाशी उभी राहावी तशी. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मामा, खोली कवा हुनार? मला ऱ्हायचंय हितं."

"पट्टा बुजंल," मी म्हटलं.

"बुजू द्या की. आबा काय पट्टं काडायला आलते व्हय? खोली रंगवायला आलते."

मला इतकी वर्षं कुणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. तुझी पोर शिकली माझ्याच घरात, पण हे शिकून आली तुझ्याकडूनच. मी विचारलं, "मग कोंचा लावू? बदामी का खरवशी?" आपल्या दोघांना जे विचारायची छाती झाली नाही ते मी विचारलं, हे लक्षात ठेव. ती म्हणाली, "मला तर दोन्ही येकच दिसत्यात." अगदी रखमाची भाची.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आपल्यात असलं बोलायची रीत नाही आणि मला ते येतही नाही. तू ही पोर दिलीस त्या दिवशी मी तुला मांडवात म्हटलं होतं, बघू, टिकते का. तू कान धरून दाखवलास. ती टिकली, किसना. घर तिनं धरून ठेवलं आहे. मला न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढते आणि तुझ्यासारखीच मला उलटून बोलते, ते मला चालतं. एवढंच. माझं जेवण गोड लागतं, झोप लागते, आणि आता दुपारी भिंतीकडं बघत बसायला एक जागा झाली आहे. तू नाहीस एवढं सोडून सगळं ठीक आहे. भांडणाचंही तसं वाळलं आहे. म्हणून म्हटलं, बोलून घेऊ.

आज सकाळी उन्हं खिडकीतून आत आली तेव्हा मी नवा डबा घेतला. चुना गाळला, पिवडी टाकली, काव टाकली. रंग बदामी, माझ्या हिशेबानं, एक रतीभर इकडं नाही का तिकडं नाही. मग सिंधूला हाक मारून गूळ मागितला. तिनं खडा आणला. मी अर्धा तोडला तर म्हणाली, "आबा एवढा न्हाई, सगळा घालायचे." मी सगळा घातला आणि हातानं कालवला. हात चाटून बघितला नाही.

रखमा दारात येऊन उभी राहिली. डब्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मुंगळं लागतील वो घरभर."

"लागू दे," मी म्हटलं. "तुमच्या दोघींच्या म्हायेरची मानसं हायत. येनारच."

ती जवळ आली, माझ्या कानाला चुना लागला होता तो पदरानं पुसला, जरा दाबूनच. मी 'सोड' म्हटलं नाही. तिचं पुसून झालं तेव्हा कुंचा बुडवला आणि तुझ्या खिडकीच्या बाजूनं सुरुवात केली.